अठरा गेज

सावद्यात चीड जगत नाही,
हे मला सांगेपर्यंत उशीर झाला होता.
तीन रोपांपैकी एक
तोवर करंगळीएवढं झालं होतं.

बी आणलं साडूने, पिथौरागडहून,
सुट्टीवर येताना, पलटणीच्या ट्रंकेत:
एका मोज्यात लाकडी शंकू,
दुसऱ्यात त्याच झाडाखालची मूठभर माती.
शंकू दिवसभर उन्हात ठेवला. रात्री तडकला.
कुसुम म्हणाली, उंदीर.

दुकान माझं मोटार वाइंडिंगचं.
केळीवाल्यांच्या जळक्या मोटारी येतात,
मी आतडी काढतो, नवी भरतो.
उरलेली तार, अठरा गेज, बावीस गेज,
संध्याकाळी फांद्यांना.
आधी जाळावर धरायची, म्हणजे मऊ पडते,
मग वळवता वळवता हातातच ताठ होते.

आजूबाजूला सगळी केळीच.
वर्ष-सव्वा वर्षात घड,
घड उतरला की खोड कोयत्याने आडवं.
गिऱ्हाईक मोटारीची वाट बघत बसतं
नि विचारतं, "हे झाड देते काय भो?"
सुया, मी म्हणतो. तीन-तीनच्या जुडीने.
"आन् वय?"
पूर्वी म्हणायचो, तुझ्या धाकट्याएवढं.
मग, तुझ्या थोरल्याएवढं.
हल्ली म्हणतो, तुझ्याएवढं.

काळी माती याला चालत नाही.
अख्ख्या तालुक्याला पोसणारी माती
याच्या मुळाशी पाणी धरून बसते.
दुसरं रोप त्यातच कुजलं.
मग तापीची जाड वाळू, फुटक्या कौलांचा चुरा,
चाळलेला कुसुमच्या रव्याच्या चाळणीने.
दोन दिवस अबोला.

मे महिन्यात सत्तेचाळीस.
कुंडीला ओलं गोणपाट, वर हिरवी जाळी,
आणि दुपारी बारा ते चार
मोरीच्या भिंतीची सावली सरकेल तशी
कुंडी सरकवायची.
मी दुकानात. सरकवायची कोण?
तीच. चाळणीचं न विसरता.

मग जळगाव, आठवड्यातून दोनदा,
सकाळची एसटी, चार तास ती यंत्राला, मी बाकावर.
सतरा महिने.
त्यात तार काढायची राहिली.
फांदी जाड होत गेली, तार होती तेवढीच.
तेराव्याची भाड्याची भांडी परत करून आलो
तेव्हा दिसलं: सालीत पार रुतलेली.
पकडीने तुकडे तुकडे करून काढली.
बोटांची राळ घासलेटनेही गेली नाही,
त्याच बोटांनी चहा केला, एक कप जास्त.

भुसावळच्या प्रदर्शनात पुण्याच्या एक बाई
डाव्या फांदीचा पिळदार व्रण बघून म्हणाल्या,
हा दोष आहे. फांदी उतरवा.
मागे कळी आहेच, पाच-सहा वर्षांत भरून येईल.
बरोबरच होतं त्यांचं.
घरी येऊन मी कात्री पुसली,
तेल लावलं, ठेवून दिली.

आता हात थरथरतो. तार सुभान चढवतो,
पालचा, तडव्यांचा पोरगा, वेढे मोठ्याने मोजतो.
पहिल्या दिवशी त्याने फांदी भरली मोटारीसारखी,
वेढ्याला वेढा चिकटवून, चकचकीत.
अरे, यातून करंट जायचा नाही, म्हटलं,
मध्ये बोट-बोट जागा सोड.
आणि कॅलेंडरवर लिही, कधी काढायची ते.
मला आठवणीत ठेवू नकोस. लिही.

या माघात कुंडी बदलली.
मुळांना पांढरं जाळं धरलेलं.
बुरशी समजून तो नळाखाली धरणार,
मी मनगट पकडलं.
ते राहू दे. त्याच्यावर जगतं हे.
त्याने ढेकूळ नाकाशी नेलं.
"दादा, याले वास कशाचा येते?"

पिथौरागड मी पाहिलेलं नाही.
मोज्यांचा, म्हटलं.
तो हसला.
मग ढेकूळ माझ्यापुढे धरलं,
नि मीही घेतला.